पंचनाम्यानुसार हिरवा

तळोद्याच्या बाजारात एका इसमाकडून जप्त झालेले घोयऱ्या सरड्याचे पिल्लू जप्तीच्या वेळी हिरवे होते, याबद्दल पंचांत मतभेद नव्हता. गुप्तधन दाखवणारा प्राणी म्हणून तो इसम ते विकत होता. पिल्लाचा डोळा ज्या दिशेला वळेल तिकडे हंडा पुरलेला आहे, असे तो सांगे. दोन डोळे एकाच वेळी दोन वेगळ्या दिशांना फिरवणे हा त्या जातीचा स्वभावच असल्यामुळे गिऱ्हाइकांना खणायला भरपूर जागा मिळत असे. वनखात्याच्या एका परिक्षेत्र कार्यालयाने इसमाला पकडले, पिल्लू ताब्यात घेतले आणि पंचनाम्यात नोंदवले : 'सरडा, नग एक, लांबी करंगळीएवढी, रंग हिरवा.' येथपर्यंत सारे कायद्याला धरून झाले.

घोयरा, म्हणजेच शॅमेलिऑन, संरक्षित प्राणी असल्याने सोडण्याचा आदेश निघेपर्यंत त्याला जिवंत ठेवणे भाग होते. कार्यालयात जप्त लाकूड ठेवण्याची उत्तम सोय होती. जिवंत मुद्देमालाचा पूर्वानुभव मात्र एका मोरापुरताच होता, आणि तो मोर एका साहेबांच्या बदलीच्या सुमारास कागदोपत्री उडून गेला होता. म्हणून वनक्षेत्रपाल दिलवरसिंग गिरासे मिठाईच्या खोक्यातून पिल्लू घेऊन लोणखेड्याला मयूरी पाटील यांच्या दारी आले. मयूरी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे. शासनाला तज्ज्ञ हवा होता. मानधनाची तरतूद नव्हती. शिक्षकवर्ग दोन्ही अटी पूर्ण करतो.

"जाळीचा पिंजरा, आत पालेदार फांदी, सकाळचं कोवळं ऊन," मयूरीने सांगितले. "पाणी पानांवर फवारायचं. हा थेंब चाटतो. वाटी त्याला कळत नाही."

"वाटी ठेवावीच लागेल, मॅडम. पाण्याची सोय केल्याचा फोटो पाठवायचा असतो. आणि खाणार काय हा?"

"चिलटं. जिवंत."

दिलवरसिंगांनी खिशातला कागद उलगडला. "मंजूर आहारात चिलटं नाहीत. माकडवर्ग आहे, पक्षिवर्ग आहे, आणि 'इतर' आहे. इतरांना भिजवलेले हरभरे."

"हरभरा हलत नाही, साहेब. जे हलत नाही ते याच्या दृष्टीने अन्नच नाही."

दिलवरसिंग विचारात पडले. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. केवळ नोकरीत होते. "हलवला तर?" त्यांनी विचारले.

दुसऱ्याच दिवशी वनरक्षक धुडकू लेखी आदेशासह हजर झाला. त्याने हरभरा दोऱ्याला बांधला आणि पिंजऱ्यासमोर निष्ठेने हलवीत बसला.

"मॅडम, याना एक डोया मन्हावर शे, दुसरा हरभरावर," जेवणाच्या सुट्टीत त्याने अहवाल दिला. "दोन्हीबी त्याले पसंत नहीत."

मयूरीने वाद न घालता घरच्या बागेतली जास्त पिकलेली केळी एका बरणीत ठेवली आणि तोंडाला सैल फडके बांधले. थोड्याच दिवसांत बरणीत चिलटांची भरभराट झाली. तिची आई रंजनाबाई कमरेवर हात ठेवून तो संसार पाहत राहिली.

"लोके घरमाईन चिलटं हाकलतस, अन् तू घरमा पाळी ऱ्हायनी! आनी तेबी कोनासाठे, तं सरकारना सरडासाठे!"

"आई, बरणी पिंजऱ्यात ठेवून फडकं हळू सोड. त्याच्या जेवणाची वेळ झाली."

रंजनाबाईने फडके सोडले. फांदीवरच्या करंगळीएवढ्या जिवाने दोन्ही डोळे एका चिलटावर स्थिर केले, आणि स्वतःच्या अंगाहून लांब जीभ बाहेर जाऊन परतही आली. त्या दिवसापासून बरणीत कोणती केळी घालायची याचा निर्णय रंजनाबाईने स्वतःकडे घेतला. हरभरे धुडकू खात असे. त्यामुळे आहार संपल्याची नोंदही खोटी नव्हती.

पिल्लू वाढू लागले. ते आणखी मोठे होऊन माणसाळण्याआधी बांधावरच्या झाडोऱ्यात सुटले, तर शिकार करायला शिकेल आणि जगेल, हे मयूरीला ठाऊक होते. तिने सुटकेसाठी अर्ज केला. सुटकेपूर्वी मुद्देमाल पंचनाम्याशी पडताळून पाहावा लागतो. पडताळणी अधिकारी अमृत चौधरी हे काटेकोर गृहस्थ मार्गशीर्षातल्या एका गारठलेल्या सकाळी आले. पिल्लू अंग आक्रसून उन्हाची वाट पाहत होते. ते गडद तपकिरी होते.

"हा तो नग नाही," चौधरी म्हणाले.

"तोच आहे. थंडीत अंग गडद होतं, ऊन जास्त शोषलं जावं म्हणून. थोड्या वेळाने हिरवा दिसेल."

"म्हणजे हा रंग बदलतो?"

"घोयरा आहे, साहेब."

"पंचनाम्यात 'सरडा, हिरवा' असं आहे. 'बदलता' असं नमूद नाही." त्यांनी शहानिशा करण्यासाठी चकचकीत पेन जाळीतून आत सारले. पिल्लाने गळा फुगवला, तोंड वासले आणि अंगभर पिवळे ठिपके उमटवले. चौधरींनी दचकून पेन मागे घेतले. मग ऊन आले, पेन गेले, आणि पिल्लू यथावकाश हिरवे झाले. चौधरींनी तिन्ही अवस्था प्रामाणिकपणे पाहिल्या आणि प्रामाणिकपणे लिहिल्या : 'हिरवा नग एक, बरोबर. याशिवाय तपकिरी नग एक व ठिपकेदार नग एक, बेहिशेबी. तिन्ही नग एकाच वेळी हजर करण्यास तज्ज्ञ असमर्थ ठरल्या.'

मयूरीने ते वाचून दिलवरसिंगांना फोन केला. "साहेब, पिंजऱ्यात एकच आहे!"

"तेच तर गंभीर आहे, मॅडम," ते खालच्या आवाजात म्हणाले. "उरलेले दोन कुठे गेले?"

बैठक बोलावण्यात आली. सरडा पाठीमागच्या वस्तूचा रंग घेतो, हे उपस्थितांपैकी प्रत्येकाला बालपणापासून माहीत होते. मयूरीने खुलासा केला, की हा गैरसमज आहे. रंग ऊन, उष्णता, भीती आणि राग यांवर अवलंबून असतो. खुलाशावर मतदान झाले. गैरसमज बहुमताने मंजूर झाला. पिंजरा हिरव्या कापडाने चारही बाजूंनी शिवण्यात आला. आत ऊन पोहोचेना, वारा पोहोचेना. पिल्लू संतापाने काळे पडले. चौथा बेहिशेबी नग निष्पन्न झाल्यामुळे मयूरीला कारणे दाखवा नोटीस मिळाली.

मयूरीने घरी येऊन कापड फाडले. तोवर दुसरा आक्षेप आला होता. पिल्लाची लांबी करंगळीहून अधिक भरत होती. 'मुद्देमालात विनापरवानगी वाढ झाल्याचे दिसून येते. लांबी मूळ नोंदीइतकी होईपर्यंत आहार स्थगित ठेवावा.'

मयूरीने आदेश आईला वाचून दाखवला. रंजनाबाईने बरणी पदराखाली घेतली.

"त्या साहेबले सांग, तुन्हा पाळनामधला सदरा आज घालीसन दखाड. मंग आम्ही याले उपाशी ठेवतस."

"आई, ऐकलं नाही तर ते पिल्लू घेऊन जातील. आणि तिकडे हरभरे आहेत."

हेच खरे संकट होते. खायला घातले तर आदेशभंग आणि पिंजरा कार्यालयात. न घातले तर पिल्लू आठवडाभरात पंचनाम्याला पूर्णपणे अनुरूप, म्हणजे निश्चल. मयूरीने पिंजऱ्यात चिलटे सोडली आणि दिलवरसिंगांना गाठले.

"साहेब, तुम्हीच मार्ग काढा. मरेल तो."

दिलवरसिंग दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी ते सारंगखेड्याच्या यात्रेतून आले. त्यांच्या हातात रबराचा सरडा होता : हिरवा, करंगळीएवढा.

"मॅडम, विज्ञान बाजूला ठेवा," ते म्हणाले. "पडताळणीपुरतं."

पडताळणी निर्विघ्न पार पडली. चौधरींनी नगाला ऊन दाखवले, सावली दाखवली, पेन दाखवले. नग हिरवा राहिला. अहवालात शेरा आला : 'प्राणी निरोगी, शांत व शिस्तबद्ध. देखभाल अनुकरणीय. आहारावर काहीही खर्च नाही, ही बाब विशेष प्रशंसनीय.' सुटकेचा आदेश निघाला. जंगलाच्या कडेला छोटासा समारंभ होऊन रबरी सरड्याला अंजनाच्या फांदीवर मुक्त करण्यात आले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मुक्त झालेला प्राणी पळून न गेल्यामुळे, त्याला खात्याचा लळा लागल्याचे भाषणात आवर्जून सांगण्यात आले.

खरे पिल्लू आता शासनाच्या लेखी अस्तित्वातच नव्हते. दिलवरसिंगांनी मयूरीला बाजूला घेतले. "त्याला कुठेतरी सोडून द्या. कुठे, ते मला सांगू नका."

मयूरी दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर लोणखेड्याबाहेरच्या बांधावर गेली. तिने पिल्लाला बोरीच्या डहाळीवर ठेवले. ते थोडे डुलले, एक पाय पुढे, एक मागे, आणि मुळीच घाई न करता पाल्यात दिसेनासे झाले. मयूरी बराच वेळ रिकाम्या तळहाताकडे पाहून हसत होती. त्यामुळे रस्त्यावर मोटारसायकल थांबवून एक जागरूक नागरिक चित्रीकरण करीत असल्याचे तिच्या लक्षात आले नाही.

व्हिडिओत हात, सरडा आणि हसणारी बाई एवढेच होते. उरलेली माहिती नागरिकाने पदरची घातली : 'गुप्तधनासाठी मुक्या जिवाचा बळी. ही शिक्षिका आपल्या मुलांना काय शिकवणार?' खात्याने तातडीने दखल घेतली. जप्त सरड्याची सुटका टाळ्यांसह झालेली असल्याने हा दुसराच, विनापरवाना बाळगलेला सरडा होता, हे निर्विवाद होते. दिलवरसिंग स्वतः मयूरीला ताब्यात घ्यायला आले. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, रंजनाबाईने दिलेला चहा घेतला आणि तिच्या नजरेला नजर न देता म्हणाले, "वरून फार फोन येतायत, मावशी. लोकभावना आहे."

ती लोकभावना म्हणजे आपण. व्हिडिओ आपल्यालाही आला होता, आणि आपण तो चहा निवण्याआधी सात गटांत पाठवून खाली लिहिले होते, 'अशांना जामीनसुद्धा मिळू नये.' हे सारे वाचल्यावर आपले मत आता वेगळे झाले असेल. ते स्वाभाविक आहे. फक्त, संदेश पुसण्याची मुदत उलटून गेली आहे. सरकारी साक्षीदारांत आपले नाव आले असून, खटल्याच्या पहिल्या तारखेला आपल्याला एवढेच विचारले जाणार आहे की, 'हे आपणच लिहिले का?' मयूरी समोरच उभी असेल.