राहिलेले जोर

घड्याळजींची बायको लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने गेली, तेव्हा तिची बॅग तीन जिने उतरवली ती शेजाऱ्याने. आधी घड्याळजींनी ओढून पाहिली होती; बॅग जागची हलली नाही. "राहू दे हो, भावजी नेतील," बायको सहज म्हणाली. घड्याळजींना ते फार लागलं. परत येईल तेव्हा बॅग आपणच वर न्यायची, असं त्यांनी ठरवलं.

जन्मभर चिमट्याने केसाएवढे स्क्रू उचललेले ते हात. शेजाऱ्याने बजावलं, "भिंतीला हात टेकून जोर मारा. रोज दहाच. घाई नको."

सुरुवातीला नेम पाळला. पण घर खायला उठलं होतं. संध्याकाळी ते सवयीने दोन कप चहा करत, दुसरा निवेपर्यंत त्याच्याकडे बघत बसत आणि जोर राहून जात.

एके दिवशी फोन आला, "उद्या सकाळी पोचते हं." कॅलेंडर पाहिलं, तर अठ्ठावीस दिवस बुडालेले. घड्याळजी डगमगले नाहीत. मागे पडलेलं घड्याळ काटे फिरवून वेळेवर आणण्यातच त्यांची हयात गेली होती. त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि राहिलेले दोनशे ऐंशी जोर एका दिवसात मारून टाकले.

सकाळी डोळे उघडले, पण हात उचलेनात. सदऱ्याची बटणंही शेजाऱ्याने लावली. "अहो, अंग म्हणजे काय घड्याळ आहे?" तो कपाळाला हात लावून म्हणाला.

खाली रिक्षा थांबली. घड्याळजी खाली जाऊन बॅग उचलायला वाकले, पण बोटं मिटेनात. शेजारी पुढे झाला, तोच बायकोने बॅग उचलली आणि भराभर जिना चढू लागली.

"जुळ्या नाती सांभाळल्यात मी!" ती वरून ओरडली. "एक या हातावर, एक त्या हातावर. खाली ठेवलं की भोकाड! ही बॅग म्हणजे काहीच नाही."

घरात येताच तिचा आवाज उतरला. "नुसते खांबासारखे उभे राहिलात. मला वाटलं, माझी आठवणच आली नाही तुम्हाला."

"रोज आली गं. तुझ्या बॅगेसाठीच तर जोर मारले. आता हातच वर होत नाहीत."

ती खूप हसली. मग तिने त्यांचे दोन्ही हात धरून आपल्या खांद्यांवर ठेवले.

"आई गं!" घड्याळजी कळवळले.

"दुखतंय? काढू का?"

"नको," घड्याळजी म्हणाले, "राहू दे."