दूध-तूप नाही

खाण्याच्या पुड्यांवरचा मजकूर वाचण्यात मिल्काताईंचा हात धरणारं अख्ख्या पनवेलमध्ये कोणी नव्हतं! तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेलं. बिस्किटांवरचं ‘शंभर टक्के नैसर्गिक’ त्या परीक्षेतली कॉपी पकडावी तसं पकडायच्या.

आणि घोटाळा झाला तो त्यांच्याच डब्यांवरून!

बेने इस्रायली ज्यू घरांत नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा होतो, तोही नारळाच्या रसात. मटणाच्या जेवणावर दुधाचं काही चालत नाही ना! म्हणून नातेवाइकांसाठी मिल्काताईंनी डब्यांवर ठळक चिठ्ठी लावली, ‘दूध-तूप नाही’. चार डबे उरले. ते महिला मंडळाच्या विक्रीत ठेवून त्या चहा प्यायला गेल्या.

परत येऊन बघतात तो टेबल रिकामं!

“सगळे माधुरीने नेले,” शेजारी कुरडया विकणाऱ्या कृष्णाबाई म्हणाल्या. “डाएटचा हलवा मिळाला म्हणून नाचत गेली. नवऱ्यासाठी हो, रमेशभाऊंसाठी!”

रमेशभाऊंची साखर मागच्याच आठवड्यात तीनशेवर गेली होती, आणि हलव्यात निम्मी साखर! मिल्काताईंनी लगेच फोन लावला.

“माधुरी, त्यात साखर आहे गं!”

“असू दे हो ताई, दूध-तूप तर नाही ना! वाचूनच घेतलाय. तुम्हीच सांगता, वाचल्याशिवाय काही घ्यायचं नाही!”

“अगं, पण निम्मी साखर!”

“तुम्ही ना, स्वतःच्या वस्तूला नावंच ठेवा!” फोन बंद.

मिल्काताईंनी रिक्षा पकडली. माधुरीच्या रोडपालीच्या घरापर्यंत पर्स उघडली, मिटली, पुन्हा उघडली. “जरा लवकर हो!” ऐकून ऐकून रिक्षावाला रडकुंडीला आला. लिफ्ट बंद! तीन जिने चढून त्या धापा टाकत दारात पोचल्या. टेबलावर डबा उघडा, वड्या ताटलीत, समोर रमेशभाऊ.

“खाल्लात?”

“छे हो! महिनाभर ही मला कारल्याचा रस पाजतेय, भुशासारखी बिस्किटं चारतेय. आता बिनदुधाचा, बिनतुपाचा हलवा! चिठ्ठी वाचली आणि भूकच मेली. वॉचमनला द्यायचीसुद्धा लाज वाटते!”

मिल्काताई मटकन खुर्चीत बसल्या. वाचला बिचारा!

दोन घोट पाणी प्यायल्या. मग कानशिलं तापायला लागली. चार तास उभ्याने घोटलेला हलवा, आणि वॉचमनलासुद्धा द्यायची लाज?

“रमेशभाऊ,” ताटली पुढे सरकवत त्या म्हणाल्या, “एक कोपरा तरी चाखून बघा!”