गणपतमामांचा उलटा मॉनिटर

कळमनुरी तालुक्यातल्या निम्म्या माणसांनी आजवर एकच कोट घातलेला आहे. निळा, बारीक रेघांचा, लाल टायसकट. हा कोट कुणी शिवला नाही, कुणी धुतला नाही. तो आखाडा बाळापूरला गणपतमामांच्या फोटो स्टुडिओत, कंप्युटरमध्ये असतो. पासपोर्ट फोटोला माणूस बनियनवर आला तरी मामा दोन मिनिटांत त्याला कोटात बसवतात. एकदा भरतीच्या रांगेत आमच्याकडचे पाच जण फॉर्मवरच्या फोटोत त्याच कोटात, त्याच टायमध्ये निघाले. साहेबानं विचारलं, "तुम्ही भाऊ-भाऊ का?" त्यातला एक म्हणाला, "न्हाई साहेब, एकाच मामाचे भाचे."

या मामांकडे मी लग्नाचे अल्बम डिझाइन करते. मी बीएस्सी आहे, कंप्युटर सायन्स. आमच्या तांड्यावर डिग्रीचा कागद आणणारी पहिली मुलगी मीच, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. मामा सातवी. काम बिघडलं की ते मला "ओ बीएस्सी!" म्हणतात, जमलं की "पोरी".

मामा फोटोतल्या माणसांशी बोलतात. कडा कापायच्या आधी सांगतात, "दादा, कोपर आत घ्या, कापून राहिलो." आणि मामा कुणाला गोरं करत नाहीत. एका नवरीच्या मावशीनं हट्ट धरला, "पोरीला जरा उजळ करा की!" मामा म्हणाले, "करतो. पण सासरच्यांनी वळखली न्हाई, तर तिला वापस तुमी आणसाल का मी?" मावशीनं पावती घेतली आणि निघाली.

मागच्या लग्नसराईत कामं तुंबली. मी कॉलेजात पाहिलं होतं, दोन मॉनिटर जोडले की काम पळतं. एकावर सगळे फोटो उघडे ठेवायचे, दुसऱ्यावर पान लावायचं. सारखं उघड-मीट करायला नको. मी मामांना पंधरा दिवस समजावलं. शेवटी त्यांनी नांदेडहून एक जुना मॉनिटर आणला, जोडला, हळद-कुंकू वाहिलं आणि त्याचं तोंड फिरवून गिऱ्हाइकाच्या बाकड्याकडं करून ठेवलं.

"मामा, उलटा लागला."

"बराबर लागला. आपल्याला एक हाय न? मग त्यांला काहून नको?"

झालं! काम पळायचं राहिलं बाजूला, ते बाकड्यावरच बसलं. पूर्वी गिऱ्हाईक पावती घेऊन जायचं. आता आख्खं वऱ्हाड समोर बसून माझं प्रत्येक बोट पाहायचं. "ओ ताई, आमचे फुफा मागं काहून ढकलले?" "त्या बाईला काढा, ती जेवून लगेच गेली." एका नवरदेवानं तर तीन तास बसून स्वतःची मिशी चार प्रकारची करून पाहिली आणि पहिलीच ठेवली. माझे डोळे लाल व्हायचे, मामा मात्र खूश. "पाहू दे न. तोंड त्यांचं हाय."

बाकडं रिकामं झालं की मात्र त्या उलट्या मॉनिटरवर दुसरंच काही दिसायचं. एका बाईचा चेहरा. कपाळ होतं, नाक होतं, डोक्यावर पदर होता. पण रोज काहीतरी बदललेलं. सोमवारी नाकात नथ, गुरुवारी नथ गायब.

"कुणाचं काम हे, मामा?"

"हाय एक. अर्जंट हाय."

ते अर्जंट काम आठ महिने चाललं. मग माझ्या ध्यानात आलं की म्हाताऱ्या बाया पेन्शनच्या फोटोला आल्या की मामा आधी माहेर विचारतात. डोंगरगाव म्हटलं की चहा सांगतात आणि बाईला त्या मॉनिटरसमोर बसवतात. "बाई, बराबर पाहा. रुक्मीण आशी होती का?"

रुक्मीण म्हणजे मामांची आई. मामा चार वर्षांचे असताना ती गेली. तिचा एकही फोटो नाही. मी एकदा विचारलं, "तुम्हाला काहीच आठवत नाही?"

"हात आठवतेत. तोंड न्हाई."

मावसबहिणीचं कपाळ, आईच्या भावाची हनुवटी असं जुळवून त्यांनी तो चेहरा उभा केला होता. बाया दुरुस्त्या सांगायच्या. एक म्हणायची नथ होती, दुसरी म्हणायची गरिबाघरी कुठली नथ. 'हीच ती' असं मात्र अजून कुणी म्हणालं नव्हतं. आणि तिला पाहिलेल्या बाया आता बोटावर मोजण्याइतक्या राहिल्या होत्या. हे कळल्यापासून मी उलट्या मॉनिटरबद्दल तक्रार करायची सोडली.

एका बाजाराच्या दिवशी पारूआजी आली. सुनेनं हाताला धरून आणली होती. वय नव्वदीच्या घरातलं, माहेर डोंगरगाव. रुक्मीण आणि ती एका जात्यावर दळलेल्या. मामांनी घाईघाईनं केस विंचरले, जणू फोटो त्यांचाच निघणार होता. आजीनं चष्मा पुसला, मॉनिटरला नाक लावून पाहिलं आणि मागं सरकली.

"ही न्हाई."

मामांचा चेहरा उतरला. "काहून? काय चुकलं आजी? नाक?"

"नाक बराबर हाय. पण ही किती गरीब दिसून राहिली! तुही माय आशी गप बसणारी होती का? सदा दात काढायची. दात काढल्याबिगर बोलतच न्हवती."

साठ वर्षांत हे मामांना कुणी सांगितलं नव्हतं. मेलेल्या माणसाचा फोटो म्हणून त्यांनी तिचे ओठ घट्ट मिटवून ठेवले होते.

"कशी हसायची?" त्यांनी विचारलं.

"आता हसणं कसं सांगू बाबा? तू हास बरं."

मामांनी दात दाखवले. आजी म्हणाली, "हे तर दाढ दुखल्यावानी हाय."

मग ती पदर सावरून सांगू लागली. "तुहा बाप नवा जावई, पांढरंफेक धोतर नेसून आला. अंगणात शिजवलेली हळद वाळू घातलेली. तुही माय म्हणली, बसा की पावनं. अन् बसवला ओल्या ढिगावर! उठला तं मागून सगळा पिवळा. अन् हा आपला ऐटीत घरोघर रामराम करून राहिला. सारं गाव त्याच्या मागं पाहायचं, अन् तुही माय जात्याआड लोळायची!"

मामा आधी खुदकले, मग तोंड उघडून, डोळ्यातून पाणी येईस्तोवर हसले.

"हे! हेच तोंड!" आजी ओरडली. "काढ गं पोरी, काढ!"

कॅमेरा माझ्या हातातच होता.

मग मी खुर्चीवर बसले. मामांनी मला उठवलं नाही. त्यांचं हसू उचललं, गालावरची घडी उचलली, डोळ्यांच्या कडा उचलल्या. सगळ्यात जास्त वेळ मामांची मिशी काढायला लागला. आजी बाकड्यावर बसून तिच्या मॉनिटरवर पाहत होती. "दात जरा कमी. व्हय. आता थांब."

मी हात उचलला. आजी उठली. पुढं झाली आणि काचेवरून बोट फिरवलं.

"रुक्मीणच हाय ही."

सून म्हणाली, "आत्याबाई, तुमचा फोटो राहिला की!" तेव्हा कुठं सगळ्यांना आठवलं.

संध्याकाळी फोटो फ्रेम होऊन भिंतीवर गेला. आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतात, म्हणून मी समोरच्या दुकानातून शेवंतीचा घेऊन आले. मामा स्टुलावर उभे राहून फ्रेमची काच पुसत होते.

"हार काहून आणला गं पोरी?"

"मायचा फोटो आहे न, मामा."

त्यांनी फ्रेम थोडी सरळ केली.

"राहू दे. आत्ता तर आली ती."