चाळीस मिनिटांचं भांडण

टेलरमास्तर हॉस्पिटलातून घरी आले ते छातीत एक बारीक जाळीची नळी आणि हातात एक कागद घेऊन. नळीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. ती मनगटातून आत सरकवून, एकही टाका न घालता हृदयापाशी नेऊन बसवली, याचं त्यांना धंद्याच्या दृष्टीने कौतुकच वाटलं होतं. तक्रार कागदाबद्दल होती. त्यावर गोळ्यांच्या यादीखाली लिहिलं होतं, 'रोज चाळीस मिनिटे भरभर चालणे.' डॉक्टरांनी तोंडीही बजावलं होतं की चालायचं नसेल तर पोहा, नाचा, सायकल मारा. पण जे आवडेल तेच करा, कारण न आवडणारा व्यायाम माणूस महिनाभरसुद्धा करत नाही.

अडचण एवढीच होती की, उठावं लागेल अशी कुठलीही गोष्ट मास्तरांना आवडत नव्हती. सोळाव्या वर्षी ते शिलाई मशीनवर बसले होते आणि आता त्रेसष्टावं चालू होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. कात्री, खडू, टेप, सगळं हाताच्या अंतरावर. इस्त्रीचं टेबल तेवढं दोन पावलं लांब, पण तिथे काकू उभ्या असायच्या. काकू म्हणजे त्यांची बायको. काजं, बटणं आणि इस्त्री हे काकूंचं खातं. गिऱ्हाइकं काकू म्हणायची, म्हणून सगळा रस्ताच काकू म्हणायचा.

मास्तरांनी प्रयत्न केला नाही असं कुणी म्हणू नये. बागेत ते दुसऱ्या बाकापर्यंत गेले, तिथे बसले, आणि तासाभराने घरी येऊन म्हणाले की या गावात एकाच्याही पँटची शिवण सरळ पडत नाही. पोहायचं ठरलं तेव्हा तयार चड्डी नीट बसेना म्हणून त्यांनी स्वतः शिवायला घेतली आणि तिच्यापायी सलग दोन दिवस मशीनवरून उठले नाहीत. तलावाचं पाणी गार निघालं. चड्डी मात्र उत्तम झाली होती. नाचाच्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी हात वर करून दाखवला तेव्हा त्यांचं जाकीट बगलेत उसवलं आहे हे मास्तरांनी वीस माणसांदेखत सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशीपासून न येण्याबद्दल त्यांना विनंती झाली. मुलीने जागच्या जागी चालवायची सायकल पाठवली. तिच्या हँडलला कोट फार छान टांगता यायचे.

तिसऱ्या महिन्यात तपासणी झाली. मास्तरांना वजन करायला बाहेर पाठवून डॉक्टर काकूंना म्हणाले की हृदय तिसऱ्या हिश्शाने चालतंय, आणि हे असेच बसून राहिले तर वर्षभर, फार तर त्याहून थोडं जास्त. थोडं म्हणजे किती, असं काकूंनी विचारलं. डॉक्टर कागद चाळत राहिले.

त्या संध्याकाळी काकू एका काळ्या कोटाला इस्त्री करत होत्या. लक्ष ठिकाणावर नव्हतं. त्या सहज बोलून गेल्या की डावी बाही जरा लांब वाटते.

पस्तीस वर्षांच्या संसारात असं कुणी बोललं नव्हतं. मास्तरांची तळपायाची आग मस्तकात गेली. ते उठले. बाहीवरून सुरू करून ते काकूंच्या माहेरच्या शिवणकामापर्यंत पोचले, आणि बोलता बोलता मशीनपासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून गॅलरीपर्यंत आणि परत असे चालत राहिले. भांडताना त्यांना बसवतच नसे. हे काकूंना लग्नापासून माहीत होतं, पण त्याकडे त्या नजरेने त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. जाऊन-येऊन बावन्न पावलं. सुरुवात सहा पस्तीसला, शेवट सात वीसला. मास्तरांच्या कपाळावर घाम होता, गालावर रंग आला होता, आणि नंतर ते बिनमिठाचं जेवण कुरकुर न करता जेवले. बाही मोजली, ती दोन्हीकडे साडेतेवीस भरली.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला काकूंनी इस्त्री बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "तुमची बहीण मागच्या खेपेला काय बोलून गेली, ते मी तुम्हाला सांगितलंच नाही."

बहीण बिचारी काहीच बोलून गेली नव्हती. पण मास्तर चाळीस मिनिटं चालले.

काकूंनी मग ते काम काजं करावीत तसं नेटाने हातात घेतलं. फार टोचून बोललं तर मास्तरांना धाप लागायची, मऊ बोललं तर ते खाली बसायचे. मशीनच्या पायडलवर पाय किती द्यायचा हे जसं हळूहळू कळतं तसं त्यांना ते कळलं. एक वाक्य स्वयंपाकघरात बोलायचं आणि गॅलरीत निघून जायचं, म्हणजे उत्तर द्यायला मास्तरांना तिथवर यावं लागे. पंधराव्या मिनिटाला जोर ओसरू लागला की त्या जावयाचं नाव काढत. दोन महिन्यांत मास्तरांचं वजन चार किलोने उतरलं. डॉक्टरांनी खुशीत येऊन विचारलं, काय करता. घरातल्या घरात चालतो, मास्तर म्हणाले. आणि मनाला उभारी वाटते का, यावर थोडा विचार करून म्हणाले की संध्याकाळ बरी जाते.

पण एकदा वापरलेला विषय दुसऱ्यांदा पेट घेईना. बहिणीचं नाव काढलं तर मास्तर बसल्या जागेवरूनच "अगं, झालंय ते बोलून" म्हणू लागले. कापड आटलं, जावई आटला, मुलीच्या लग्नातले रुसवेफुगवे तीन दिवस पुरले. मग जुनी मढी उकरायची वेळ आली, तीही संपली. एका गुरुवारी सहा पस्तीस झाले, पावणेसात झाले, तरी मशीन चालूच. काकू मास्तरांच्या वाकलेल्या पाठीकडे बघत उभ्या होत्या. त्यांच्याजवळ एकच गोष्ट उरली होती. ती त्यांनी या कामासाठी ठेवलेली नव्हती. कुठल्याच कामासाठी ठेवलेली नव्हती.

"माझे वडील गेले," काकू म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही मला चारच्या गाडीला जाऊ दिलं नाहीत."

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ताबडतोब ये, असा निरोप दुपारी आला होता. शाळेचे दोनशे गणवेश सकाळी द्यायचे होते आणि काजं बाकी होती. एका रात्रीत काही होत नाही, सकाळी जा, असं मास्तर म्हणाले होते. काकूंनी काजं केली. सकाळच्या गाडीने त्या पोचल्या तेव्हा अंगणात माणसं जमली होती. परत आल्यावर त्या याबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

मशीन थांबलं. मास्तर उठले आणि चालू लागले. मशीन, स्वयंपाकघर, गॅलरी. उत्तर मात्र आलं नाही. चाळीस मिनिटं झाली, तास झाला. आता पुरे, असं काकूच दोनदा म्हणाल्या. सव्वा तासाने मास्तर येऊन खुर्चीत बसले आणि त्यांनी खडू उचलला, पण कापडावर रेघ काही मारली नाही.

खालच्या मजल्यावर कोर्टातले निवृत्त बेलीफ एकटेच राहायचे. कान शाबूत आणि काम नाही, अशी त्यांची अवस्था होती. गेले दोन महिने वरची भांडणं ते तारीख, वेळ आणि विषय घालून वहीत टिपून ठेवत होते. त्या गुरुवारी त्यांना आवाज ऐकू आला नाही. नुसती पावलं ऐकू आली, तीही एकाच माणसाची, सव्वा तास. बेलिफांनी हयातभर वाईट घरं पाहिली होती. त्यांनी मास्तरांच्या मुलीला फोन केला आणि सांगितलं की रोजचं भांडण एकाएकी थांबलंय, वर आता एकटंच कुणीतरी फिरतंय, आणि तू आलेली बरी.

मुलगी सकाळच्या पहिल्या गाडीने आली. आईने दार उघडलं तेव्हा ती आईच्या गळ्यातच पडली. मग बेलिफांनी वही आणून दिली. साठ दिवसांची साठ भांडणं वाचून मुलीचं तोंड उतरलं. तिने आईला स्वयंपाकघरात नेलं आणि सांगितलं की या वयात असं जगायची गरज नाही, माझ्याकडे चल, बाबांची जेवणाची सोय करू.

"अगं, तसं काही नाही," काकू हळूच म्हणाल्या. "तो त्यांचा व्यायाम आहे."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. मुलगी आधी रडली, मग हसत सुटली. तिला हसू आवरेना, म्हणून मशीन कधीचं थांबलंय हे दोघींनाही कळलं नाही. मास्तर दारात उभे होते.

"बाहीचं?" त्यांनी विचारलं.

"ते चुकून बोलले मी."

"बहिणीचं?"

"रचलेलं. तुम्ही उठावं म्हणून."

"आणि चारच्या गाडीचं?"

तेही रचलेलं म्हटलं असतं तर निभावलं असतं. काकूंनी ओट्यावरचं फडकं उचललं आणि त्याची घडी घातली. "ते खरं होतं," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी बूट घातले आणि ते जिना उतरून गेले. आपण होऊन ते घराबाहेर पडले याला तीन वर्षं झाली असतील. तास गेला, दुसरा गेला. मुलगी बागेत, तलावावर शोधून आली. बेलीफ हॉस्पिटलला फोन करायचं म्हणू लागले, आणि त्यांनी आपण होऊन शवागाराचाही नंबर आणून ठेवला. तेवढ्यात मास्तर आले. शर्ट पाठीला चिकटला होता.

"स्टँडवर गेलो होतो," ते म्हणाले. "चौकशीच्या खिडकीत विचारलं. चारची गाडी तिकडे साडेनऊला पोचते. तेव्हाही साडेनऊलाच पोचायची."

"माहीत आहे मला."

"ते पहाटे गेले."

"हो."

"म्हणजे भेट झाली असती."

"झाली असती."

मास्तर उभेच होते. मुलीने खुर्ची पुढे केली ती त्यांना दिसली नाही. "मला वाटायचं, नसती झाली," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी धरून चाललो होतो, की गेली असतीस तरी नसतीच झाली."

दुसऱ्या दिवशी सव्वातीनला त्यांनी मशीनवर आच्छादन घातलं आणि काकूंना म्हणाले, चल. कुठे ते सांगितलं नाही. स्टँड चालत अर्ध्या तासावर होतं. दोघं तिथे गेली, चारची गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभी राहिली, आणि परत आली. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. बोलणं फारसं होत नसे. काकू भांडण उकरून काढायच्या थांबल्या होत्या, आणि त्याची गरजही पडत नव्हती. मुलगी आपल्या घरी गेली. बेलिफांनी वहीत नवीन पान उघडलं. त्यांच्या नोंदीप्रमाणे वरची दोघं रोज घर सोडून जायला निघत आणि ऐन वेळी धीर सुटून परत येत.

पंधरा दिवस झाल्यावर गाडीच्या कंडक्टरला राहवेना. त्याने मास्तरांना विचारलं, रोज येता, कुणाला सोडायला येता.

"हिला," मास्तर म्हणाले. "जरा उशीर झाला."

कंडक्टरने घड्याळ पाहिलं. "उशीर कुठे? पाच मिनिटं आहेत अजून. बसा काकू."

काकूंनी गाडीकडे पाहिलं. मग मास्तरांकडे न बघता त्या पायरी चढल्या आणि खिडकीशी जाऊन बसल्या. वडिलांच्या घरात आता काकूंचा भाऊ राहत होता. काकूंनी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं तेही बरीच वर्षं. मास्तर खाली उभे राहून म्हणाले की कपडे घेतले नाहीस. वहिनीचे आहेत, काकू म्हणाल्या. परत कधी, याचं उत्तर त्यांनी "बघते" एवढंच दिलं, आणि गाडी हलली.

पुढचे आठ दिवस मास्तर स्टँडवर दोन फेऱ्या घालत होते. तिकडून येणारी गाडी सकाळी अकराला यायची, म्हणून एक फेरी अकराची. चारची गाडी सुटताना कंडक्टरला काही निरोप आहे का विचारायचं, म्हणून दुसरी. निरोप नसायचा. मास्तर दुकान उशिरा उघडत, स्वतःपुरता भात शिजवत, तो करपला की तसाच खात. बेलीफ एकदा वर आले, काकूंच्या इस्त्रीच्या टेबलाकडे बघून बसून राहिले, आणि वही न उघडता खाली गेले.

नवव्या दिवशी काकू गाडीतून उतरल्या. डोळे सुजलेले होते, पण चेहरा निवांत होता. वडिलांच्या खोलीत झोपले, एवढंच त्या म्हणाल्या. मास्तरांनी मान हलवली. स्टँडच्या फाटकापर्यंत दोघं चालत आली. फाटकापाशी काकूंनी त्यांना खालीवर न्याहाळलं. पट्ट्याच्या वर पँटच्या चुण्या पडल्या होत्या.

"कंबरेत दोन इंच घ्यावी लागेल," काकू म्हणाल्या.

"दीड."

"दोन. मला दिसतंय ना."

"अगं, टेलर मी आहे की तू?"

मग शब्दाने शब्द वाढला. दोन इंचांवरून करपलेल्या भातावर, भातावरून चुकवलेल्या गोळ्यांवर, गोळ्यांवरून आठ दिवस एक निरोप धाडायला काय झालं होतं, यावर. रस्त्यातली माणसं बाजूला होऊन वाट देत होती. घर आलं तेव्हा भांडण निम्म्यावर होतं, म्हणून ती दोघं तशीच पुढे गेली.