विरोध सुरक्षित ठेवण्यात आला आहे

रॉटरडॅमच्या दक्षिण भागातली आमच्या गल्लीतली जुनी चार मजली इमारत रहिवाशांच्या हितासाठी पाडण्याचे ठरले. या हितात रहिवासी बसत नव्हते, कारण त्या जागी होणाऱ्या नव्या घरांचे भाडे त्यांना झेपणारे नव्हते. रिकाम्या झालेल्या घरांत कोणी घुसू नये, म्हणून इमारतीची मालक असलेल्या गृहसंस्थेने तिथे नाममात्र भाड्याने चित्रकार आणून ठेवले होते. त्यांतला वाउटर लेनीमावशींच्या वरच्या मजल्यावर राहत असे.

लग्न होऊन याच घरात आलेल्या लेनीमावशींनी एके सकाळी पलंगावरची चादर ओढली, तिच्यावर काळ्या रंगाने ‘मी इथून हलणार नाही’ असे लिहिले आणि ती बाल्कनीला बांधली.

वाउटर धावत खाली आला.

“मावशी, काय ताकद आहे! अक्षरं बघा कशी थरथरतायत!”

“माझा हातच थरथरतो रे.”

“असा थरकाप मुद्दाम आणता येत नाही!”

“मुद्दाम कशाला आणायचा मेला? बस, वाटाण्याचं सूप घे.”

वाउटरने संग्रहालयाला कळवले. तज्ज्ञांची समिती आली. इतका अस्सल विरोध पावसात भिजू देणे योग्य नाही, यावर समितीचे एकमत झाले आणि चादर योग्य तापमानाच्या दालनात हलवण्यात आली. खर्च गृहसंस्थेने उचलला. विरोधाबद्दल तिला पहिल्यापासून आदर होता. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या निरीक्षकाने बाल्कनीची पाहणी केली आणि अभिप्राय दिला: रहिवाशांचा विरोध आढळून आला नाही.

इमारत पाडली.

वाउटरला फार वाईट वाटले. वाईट वाटल्याबद्दल त्याला अनुदान मिळाले. त्यातून त्याने मावशींचे स्वयंपाकघर चादरीच्या शेजारीच हुबेहूब उभारले. तीच फरशी, तेच टेबल, खिडकीबाहेर रंगवलेली तीच गोदी. नळाला पाणी नव्हते. त्यामुळे आशय अधिक खोल झाला, असे तज्ज्ञ म्हणाले.

“आता तुम्ही फक्त यायचं, मावशी. आपल्या घरात राहायचं!”

“राहायचं?”

“पाचपर्यंत.”

मावशी येऊ लागल्या. प्रेक्षक हलक्या आवाजात विचारत, “घर म्हणजे तुमच्यासाठी नेमकं काय हो?”

“आधी पाय पुसा,” मावशी म्हणत. हे उत्तर फार गाजले.

दुपारी पाव-चीजचा डबा उघडण्याआधी त्यांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले, तर टाळ्या पडल्या. त्यांनी एक डोळा किलकिला करून पाहिले आणि प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. पुन्हा टाळ्या पडल्या.

पाच वाजता रखवालदार येतो. “चला मावशी, घर बंद करायचंय.”

मावशी टेबल पुसतात, कोट चढवतात आणि निघतात. प्रदर्शनाला विक्रमी गर्दी आहे. आपलेपणा, मुळे, माती यांवर लोक बाहेरच्या कॅफेत तासन्‌तास बोलतात, काहींचे डोळेही भरून येतात. पाचनंतर मावशी कुठे जातात, हे मात्र अजून कोणी विचारलेले नाही.

इथवर वाचत आलात; तुम्ही तरी कुठे विचारलेत?