भागरताबाईची बालटी

भागरताबाई कोणाच्याही घरी गेली का आधी बसत नव्हती. आधी अंथरुणापाशी जाये, चादरीचं टोक उचले, नाकाले लावे अन् म्हणे, "वास मारून राहिला वं." मंग बसे. चहा मात्र पुरा कप घे. वास चादरीले होता, चहानं तिचं काही बिघडवलं नव्हतं.

आमच्या चाळीत आठ खोल्या, एक नळ अन् मधात एक कडुलिंब. मी कुहीकडल्या खेड्यातली. नवरा मिलमध्ये होता म्हणून नागपूरले आली. तो तापानं गेला, मिलची खोली सोडा लागली, अन् मी पोरीले घेऊन या चाळीत आली. पोरगी मंदा, दहा वर्षांची. मी धरमपेठेत चार घरची भांडी घासत होती.

पहिल्याच दिवशी बाई माझ्या घरी आली. सामान म्हणजे एक खाट, एक ट्रंक, दोन गोधड्या, एक चादर. तिनं चादर उचलली. मी म्हटलं, "बाई, आत्ताच आली मी, धुतली नाही अजून."

"तू कवा आली हे चादरीले समजत नाही. बुधवारी अन् इतवारी धुवायची. उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी. माणसाचा घाम सारा तिच्यातच जाते."

माझ्यापाशी एकच चादर आहे, हे काही तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या वट्ट्यावर एक जुनी धुतलेली चादर ठेवलेली. मी विचाराले गेली त म्हणे, "माझी नाही. कुत्र्यानं आणली असन." घडी अशी का चारही कोपरे जुळलेले. आमच्या चाळीतला कुत्रा इतका शिकलेला नव्हता.

ती बायकायच्या दवाखान्यात आया होती. एकटीच राहे, शेवटच्या खोलीत. जिंदगी लोकायचे पलंग लावण्यात गेली. कोपरे असे खोचे का झोपलेल्या माणसाले कूस बदलाले जोर लावा लागे. गादी उन्हात टाकली का दोन्हीकडून टाकायची. "भाकर एकाच अंगानं भाजते का वं?" उशीले डोक्याचं तेल लागते म्हणून खोळ रोज उलटी करायची. खाटेच्या पायात उकळतं पाणी, ढेकणासाठी. गोधडीच्या घडीत लिंबाचा पाला. बाकीचे लोक पाहुणा पाहून खुश होतात, ती ऊन पाहून होये. "ऊन फुकट आहे," ती म्हणे, "त्याले गादी दाखवाले लाज काहून?"

शेजारच्या वच्छलाचा नवरा रातपाळीच्या हप्त्यात दिवसा झोपे. एका बुधवारी वच्छला म्हणाली, "मावशी, ते उठले का धुते." भागरताबाई आत गेली. त्याले एका कुशीवर लोटलं, अर्धी चादर गोळा केली. मंग दुसऱ्या कुशीवर लोटलं, चादर बाहेर. दवाखान्यात बिमार माणसाले असंच करतात म्हणे. तो उठलाही नाही. संध्याकाळी उठून बायकोले विचारे, "काहून वं, मी बिमार होतो का?"

पण तिचा खरा दुश्मन म्हणजे ओल. अर्धवट वाळलेली चादर कोणी घडी केली का तिचं डोकं फिरे. दोरीवरच्या कपड्यायले हात लावत फिरे. "ओल्यात झोपून माणूस सडते! कुबट वास एकदा धरला का गादी मरेपर्यंत सोडत नाही."

चादर पिळाले दोन माणसं लागतात. ती एकटीच पिळे. एक टोक कडुलिंबाच्या बुंध्याले गुंडाळे अन् दुसरं दोन्ही हातानं फिरवे. मी एकदा म्हटलं, "मी धरते ना." म्हणे, "झाड बोलत नाही. तू बोलशीन."

आता माझं सांगते. बाप गेल्यापासून मंदा झोपेत ओलं करे. रोज नाही, पण हप्त्यातले चार-पाच दिवस. मी मारलं नाही. एकदा मारलं, खोटं काहून सांगू. त्यानं वाढलं. वैद्याचं चूर्ण देलं, संध्याकाळपासून पाणी बंद केलं, काही फरक नाही. मंग मी मिलच्या पहिल्या भोंग्याआधी उठत होती, नळावर कोणी याच्या आत चादर धुत होती अन् घरातच चुलीवर दोरी बांधून वाळवत होती. चादरीले धुराचा वास लागे. तो वास मले बरा वाटे.

मंदानं मले एकच म्हटलं होतं. "आई, चाळीत माहीत झालं त मी शाळेत जाणार नाही. साऱ्या पोरी तिथंच आहेत." तिले शाळा आवडे. मी दोन इयत्ता शिकली. तिले त्याच्या पुढं जाऊ द्यायचं, एवढंच माझ्या हातात होतं. म्हणून मी त्या बाईच्या नाकाले जेवढी भ्याली तेवढी कोणालेच नाही. ती येताना दिसली का मी दारात उभी राहत होती. चहा वट्ट्यावरच देत होती. ती मान वाकडी करून आत पाहे, मी मधात सरके. असं आमचं वर्षभर चाललं.

मंग मे महिना लागला. नागपूरचा मे तुमाले माहीतच आहे, घरात कोणी झोपत नाही. साऱ्या खाटा आंगणात. झाडाखाली माणसायच्या, भिंतीकडे बायकायच्या, अन् पोरी साऱ्या एका लाइनीत. फक्त आमचं दार बंद. वर टिनाचं छप्पर, आत भट्टी.

वच्छला म्हणे, "काहून वं रुखमा, घरात सोनं पुरलं का तू?"

मी म्हटलं, "मंदाले बाहेर भेव वाटते."

पोरी हसल्या. मंदा माझ्यामागं उभी होती, तिनं ऐकलं. पाचव्या-सहाव्या दिवशी तिच्या पाठीभर घामोळ्या आल्या, अन् मंग ताप चढला.

त्या दुपारी भागरताबाई दारात. मीही दारात.

"सरक."

"झोपली आहे ती, बाई."

"मले झोपलेलेच पाहाची सवय आहे. सरक."

आत आली. मंदाच्या कपाळाले हात लावला. मंग तो हात खाली गेला, चादरीचं टोक उचललं, नाकाले लावलं. मी भिंतीले टेकून उभी. तिचा आवाज नळापर्यंत जाये. तोंड उघडलं का सारं संपलं.

तिनं टोक खाली ठेवलं. हातानं सारखं केलं. म्हणाली, "तळपायाले कांद्याचा रस लाव. ताप उतरला का पोरगी बाहेर झोपन." अन् गेली.

वास मारून राहिला, असं न म्हणता ती पहिल्यांदाच गेली.

दोन दिवस मी वाट पाहिली, आता सांगन, मंग सांगन. तिसऱ्या दिवशी मंदाचा ताप उतरला. दिवे लागताना खाटा बाहेर निघाल्या, अन् भागरताबाई बालटी अन् लोटा घेऊन आंगणाच्या मधात उभी राहिली.

"आजपासून साऱ्यायनं ओल्या चादरीवर झोपायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं सांगतलं. ऊन बाधत नाही."

वच्छला तोंडाले पदर लावून हसाले लागली. "मावशी, तुमीच म्हणत होत्या न, ओल्यात माणूस सडते?"

"उन्हाळ्याचं वेगळं असते. तोंड बंद कर, खाट पुढं घे."

तिनं साऱ्यायच्या चादरी भिजवल्या. मंग आमच्या घरातली खाट स्वतः ओढून बाहेर आणली, पोरीयच्या लाइनीत लावली अन् मंदाले म्हणे, "चाल, झोप." मंदानं माझ्याकडे पाहिलं. नागपूरच्या हवेत ओली चादर घंट्याभरात खडखडीत होते. मले वाटलं, सकाळी ओली दिसन ती एकट्या मंदाचीच, झालं.

सकाळी उजाडता उजाडता बाई पुन्हा बालटी घेऊन निघाली. पहिलं मंदाच्या खाटेपाशी. कमरेपासून खाली अर्धी बालटी ओतली. पोरगी ओरडत उठली. मंग बाजूची पोरगी, मंग तिच्या बाजूची, मंग वच्छला, मंग झाडाखालचे. "उठा! सकाळी चादर ओली करून उन्हात टाकायची, ढेकूण मरते!" वच्छलाचा नवरा धोतर सावरत झाडामागं पळाला. एक म्हातारा म्हणे, "बाई, मी मेलो नाही अजून, आंघोळ काहून घालते?" ज्याले जी शिवी येत होती ती त्यानं देली. आंगणभर ओले माणसं, ओल्या चादरी. कोणती कशानं ओली, ते ओळखणारं नाक चाळीत एकच होतं, अन् ते बालटी भराले नळावर गेलेलं.

मी आत जाऊन चूल पेटवली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पुरा उन्हाळा असा गेला. सकाळची पहिली बालटी ती रातीच भरून ठेवे. लोकं बोंबलले, भांडले, मंग सवय झाली. पोरी त पाणी पडाच्या आधीच जाग्या होऊन, डोळे मिटून, हसू दाबत पडून राहत. मंदाही त्यायच्यात. पहिली बालटी आपली, याचा तिले गर्व वाटाले लागला होता.

बाईचं मात्र नुकसान झालं. लोकायनं तिचं नाव पाणीवाली ठेवलं. पावसाळ्यात ती दोरीवरच्या कपड्याले हात लावाले गेली का वच्छला म्हणे, "तुमी अन् ओलीचं आमाले सांगता?" बाई चूप राहे. तिले चूप राहणं जमत नव्हतं, तरी राहे.

पाऊस लागला तसं मंदाचं कमी होत गेलं. दिवाळीपर्यंत बंद. पुढं ती मॅट्रिक झाली, आता कळमेश्वरले मास्तरीण आहे.

त्या दिवाळीत आमी दोघीच नळावर होतो, दुपारी. ती चादरीले मोगरीनं बडवून राहिली होती. मी विचारलं, "बाई, डॉक्टरीणबाईनं खरंच सांगतलं होतं का?"

"कोणती डॉक्टरीण?"

मोगरी चालूच. मंग, मी काही विचारलं नसताना, म्हणे, "मी तेरा वर्षांची होती. सासूनं गादी माझ्या डोक्यावर देली अन् म्हणे, जा बापाच्या घरी. भर दुपारी. दोन कोस."

"ओली?"

"ओलीच. लोकं दारादारात उभे. कोणी एक शब्द बोललं नाही. नुसते नाक दाबून उभे."

"मंग?"

"मंग काही नाही. वर्षभरात आपोआप बंद झालं. पण तोवर त्यायनं दुसरी करून घेतली होती."

तिनं साबणाचा फेस काढला, चादर उचलली अन् झाडाकडे निघाली. मी उठली, बुंध्याच्या आधी मधात जाऊन उभी राहिली अन् दुसरं टोक धरलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बोलली नाही. आमी पिळाले लागलो.

"अवं, माझ्यासंगं नको फिरवू," ती म्हणे. "मी इकडून, त तू तिकडून. झाडाले हे सांगा लागत नव्हतं."