आप्पेपात्राचं पॅलेट

निवृत्तीनंतर दत्तप्रसाद परचुऱ्यांनी ॲक्रिलिक पेंटिंगचा क्लास लावायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या पत्नीनं, सुनीतीनं, अट घातली. रंग, ब्रश आणि कॅनव्हास सोडून नवं काहीही घरात येणार नाही. आधीच्या छंदांपैकी बासरी माळ्यावर होती, दुर्बीण माळ्यावर होती आणि ट्रेडमिलवर टॉवेल वाळत होते. घरातलं काय हवं ते घ्या, पण विचारून घ्या. एक जरी वस्तू बिघडली तर क्लास बंद, असं तिनं स्वच्छ सांगितलं.

दत्तप्रसाद हौसेनं सामानाला लागले. क्लास घेणाऱ्या वल्लरीनं कळवलं होतं तसं एकेक जमत गेलं. ॲप्रन सुनीतीचा (विचारून), पुसायला जुना बनियन (स्वतःचाच, म्हणून न विचारता), ब्रश बुडवायला लोणच्याची रिकामी बरणी. अडलं ते पॅलेटवर. रंग एकमेकांत जाऊ नयेत म्हणून खळगेवालं पॅलेट आणा, असं वल्लरीचं म्हणणं. ओट्याखाली बिडाचं आप्पेपात्र दिसलं आणि दत्तप्रसादांना साक्षात्कार झाला. सात खळगे, सात रंग! सुनीती भाजी आणायला गेली होती. विचारायला माणूसच घरात नाही, यात त्यांचा काय दोष?

ट्यूबवर लिहिलं होतं की रंग पाण्यात मिसळतात. म्हणजे पाण्यानं निघणारच, हे त्यांनी गृहीत धरलं. क्लासमध्ये पात्राचं फार कौतुक झालं. घरी आल्यावर त्यांनी ते गुपचूप बाल्कनीत वॉशिंग मशीनमागे सरकवलं, जेवले, आणि धुण्याआधी जरा पाठ टेकावी म्हणून आडवे झाले. शनिवार पेठेत दुपारी टेकलेली पाठ चहाच्या वेळेलाच उचलली जाते.

तोवर उन्हानं सातही रंग खडखडीत वाळले होते. गरम पाणी झालं, चिंच झाली, काथ्या झाला. दत्तप्रसादांची बोटं सोलली, रंग ढिम्म. शेवटी त्यांनी वल्लरीला फोन लावला.

“काका, ॲक्रिलिक वाळलं की प्लॅस्टिकच होतं. नाही निघणार आता,” ती म्हणाली. “बट फोटो पाठवा ना, सो क्यूट दिसत असेल ते.”

त्याच संध्याकाळी सुनीतीनं जाहीर केलं की उद्या भिशीच्या बायका यायच्या आहेत आणि आप्पे करायचे आहेत. दत्तप्रसादांच्या डोळ्यांसमोर क्लास, कॅनव्हास आणि उरलेल्या आयुष्यातली शांतता, सगळंच गेलं.

मग त्यांना खालच्या मजल्यावरच्या गोदाबाई आठवल्या. त्यांच्याकडे अगदी अस्संच पात्र होतं. गणपतीपासून गोदाबाई आणि सुनीती एकमेकींशी बोलत नव्हत्या. का, ते दत्तप्रसादांनी कधी विचारलं नव्हतं (विचारलं की ऐकावं लागतं). ते खाली गेले आणि चाचरत आप्पेपात्र मागितलं. गोदाबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, आत गेल्या आणि पात्र आणून त्यांच्या हातात ठेवलं.

“न्या. पण उद्या संध्याकाळी पात्र माझ्या ओट्यावर हवं.”

दुसऱ्या दिवशी आप्पे झाले, बायका तृप्त होऊन गेल्या आणि सुनीती स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचा चेहरा इतका उजळला होता की दत्तप्रसाद घाबरलेच.

“अहो, मानलं तुम्हाला,” ती म्हणाली. “माझं पात्र सोडवून आणलंत. कडेच्या टवक्यावरून लगेच ओळखलं मी.”

मग सगळी हकीकत बाहेर आली. गणपतीत सोसायटीच्या प्रसादाच्या गडबडीत दोघींची पात्रं बदलली होती. आधी माझं द्या, असं दोघींचंही म्हणणं. तेव्हापासून दोघी हट्टानं एकमेकींच्या पात्रात आप्पे करत होत्या.

“आता तिचं तेवढं देऊन या,” सुनीती म्हणाली. “आणि नीट घासून द्या हो. मी कुणाची वस्तू खरकटी परत करत नाही.”

दत्तप्रसादांनी बाल्कनीत जाऊन वॉशिंग मशीनमागचं रंगलेलं पात्र बाहेर काढलं. मग त्यांनी सगळी कला पणाला लावली. खळग्यांमधली काळी जागा निळ्या रंगानं भरली, कडेला सोनेरी नक्षी काढली, खाली ‘सप्रेम भेट’ असं लिहून झोकदार सही ठोकली आणि जिना उतरले.

गोदाबाईंनी चष्मा लावला. कलाकृती हातभर लांब धरून पाहिली, जवळ आणून पाहिली.

“छान आहे. लावू कुठंतरी भिंतीवर,” त्या म्हणाल्या. “आता आमचं पात्र द्या.”